भिगवणच्या पाण्यावर कॅमेऱ्याची पारख

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने निघाले, की सुमारे शंभर किलोमीटरवर भिगवण लागते. उसाच्या गाड्या, मासळीचे लिलाव आणि तिखट रश्श्याच्या खानावळी ही या गावाची जुनी ओळख. अलीकडे तिच्यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. पौष-माघाच्या थंडीत भल्या पहाटे शहरगावच्या गाड्या येथे थांबतात. त्यांतून कानटोप्या घातलेली माणसे उतरतात. कोणाच्या गळ्यात तळहाताएवढा कॅमेरा असतो, तर कोणाच्या खांद्यावर बंदुकीसारखी लांब लेन्स. ही सारी मंडळी पुढे कुंभारगाव आणि डिकसळच्या काठाला जातात, कारण तेथे पाण्यात पक्षी उतरलेले असतात.

हे पाणी उजनी धरणाचे. भीमा नदीवरील हे धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात, पण फुगवट्याचे पाणी पार इंदापूर, करमाळा आणि दौंडपर्यंत मागे पसरले आहे. रब्बीसाठी पाणी सुटू लागले, की काठचा चिखल उघडा पडतो आणि गुडघाभर पाण्याच्या उथळ जागा तयार होतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते पाणी कमी होणे. पक्ष्यांच्या दृष्टीने मात्र ते पंगत मांडणे. रोहित, म्हणजे ज्यांना शहरी लोक फ्लेमिंगो म्हणतात ते पक्षी, अशाच उथळ पाण्यात चरतात. त्यांच्या जोडीला हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब, चमच्यासारख्या चोचीचे दर्विमुख, चित्रबलाक, राखी बगळे आणि नदीवर घिरट्या घालणारे सुरय असतात.

मातीपरीक्षण आधी, खत मागून

गेल्या जानेवारीत मी भिगवणला गेलो तो एका तरुण शेतकऱ्याला बरोबर घेऊन. आमच्याच भागातला हा मुलगा. चार एकर ऊस, थोडी केळी, दोन म्हशी. फोटोचा त्याला भारी नाद. चुलतभावाने वापरून दिलेला, पंधरा वर्षांपूर्वीचा १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा त्याच्याकडे आहे. उसाचे बिल आल्यावर त्याने ६०,००० रुपये बाजूला काढले आणि माझ्याकडे आला.

"साहेब, नवा कॅमेरा घ्यायचाय. २४ मेगापिक्सेलचा. कुठला घेऊ तेवढं सांगा."

मी विचारले, "हातातल्या कॅमेऱ्याचं काय बिघडलंय?"

"बिघडलं काय न्हाई. पण फोटो तसं येत न्हाईत."

"कसं येत नाहीत?"

यावर तो गप्प बसला. त्याची आई दारात तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "इचारा, इचारा. ठिबकच्या नळ्या उंदरांनी कुरतडल्यात, त्याला पैसं न्हाईत म्हणतो, आन् फोटोच्या पेटीला साठ हजार."

आईचे बोलणे वावगे नव्हते, आणि मुलाचा नादही वाईट नव्हता. दिवसभर राबणाऱ्या माणसाला एखादी आवड असावी. पण साठ हजार ही शेतकऱ्याच्या घरात लहान रक्कम नव्हे. तीस वर्षे मी कृषी खात्यात काम करतो. पीक प्रात्यक्षिकांचे, किडींचे आणि रोगांचे फोटो काढता काढता माझ्या हातालाही कॅमेऱ्याची सवय लागली आहे. मी त्याला एवढेच म्हटले, की पिवळ्या पडलेल्या पिकाला आपण आधी खत घालत नाही. नत्र कमी आहे, लोह कमी आहे की मुळाशी पाणी साचले आहे, हे आधी पाहतो. कॅमेऱ्याचेही तसेच आहे. आधी भिगवणला जाऊ. फोटो कशापायी बिघडतो हे तेथे कळेल, मग दुकान.

होडीत तीन कॅमेरे

कुंभारगावच्या काठावर पोचलो तेव्हा उजाडत होते. पाण्यावर धुके होते. आमचे होडीवाले मामा साठीच्या घरातले, जन्मभर मासेमारी केलेले. हिवाळ्यात पाहुण्यांना पक्षी दाखवणे हा त्यांचा जोडधंदा. होडीत आमच्याबरोबर पुण्याचे एक निवृत्त बँक कर्मचारी होते. त्यांच्याकडे नव्या पद्धतीचा बिनआरशाचा कॅमेरा आणि १५०-६०० ची भली थोरली लेन्स होती. माझ्या कॅमेऱ्याला ७०-३०० ची लेन्स, आणि आमच्या तरुणाच्या कॅमेऱ्याला त्याच्याबरोबरच आलेली १८-५५ ची. म्हणजे ५५, ३०० आणि ६०० असे तीन नमुने एकाच होडीत आले. आमच्या प्रयोगाला याहून चांगली प्लॉटची मांडणी कोणती?

लेन्सवरचे हे आकडे मिलिमीटरचे असतात. आकडा जितका मोठा, तितकी लांबची वस्तू मोठी दिसते.

मामांनी रोहितांच्या थव्यापासून अंदाजे पन्नास मीटरवर होडी थांबवली आणि बांबू चिखलात रोवला. दीडदोनशे पक्षी माना खाली घालून चरत होते. रोहिताची चोच वाकडी असते. डोके उलटे करून तो ती पाण्यात बुडवतो आणि चिखलपाणी गाळून त्यातले बारीक जीव व शेवाळ खातो. त्या खाण्यातल्या रंगद्रव्यानेच त्याच्या पिसांना गुलाबी झाक येते. हे पक्षी कच्छच्या रणात घरटी करतात.

आमच्या तरुणाने दबक्या आवाजात विचारले, "मामा, अजून थोडं पुढं घेता का?"

"न्हाई बाळा. ती चरायला आल्यात. आपुन जेवायला बसलो आन् कुणी ताटावरनं उठवलं तर? उडवून फोटू घेणारी लई येत्यात. मी न्हाई उडवत."

मामांचे बोलणे अगदी शास्त्राला धरून होते. थवा उडवला की पक्ष्यांची ताकद खर्च होते आणि चरण्याचा वेळ बुडतो. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या पाखराला ते परवडत नाही.

तिघांनी एकाच पक्ष्याचा फोटो घेतला आणि मग गणित मांडले. उभा रोहित साधारण १३० सेंटिमीटर उंच. पन्नास मीटरवरून ५५ च्या लेन्सने त्याची प्रतिमा कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर उमटते ती दीड मिलिमीटरही भरत नाही. ३०० च्या लेन्सने ती पावणेआठ मिलिमीटर होते आणि ६०० च्या लेन्सने साडेपंधरा मिलिमीटर. सेन्सर म्हणजे पूर्वीच्या फिल्मच्या जागी आलेली, उजेड टिपणारी पट्टी. आमच्या तरुणाच्या आणि माझ्या कॅमेऱ्यात ती सुमारे साडेतेवीस मिलिमीटर रुंद आणि साडेपंधरा मिलिमीटर उंच आहे. म्हणजे त्याच्या फोटोत पक्षी चौकटीच्या अकराव्या हिश्श्याएवढा, माझ्या फोटोत निम्म्या उंचीचा, आणि ६०० ची लेन्स लावली तर चौकट भरून.

आता मेगापिक्सेलचे पाहू. १२ चा कॅमेरा टाकून २४ चा घेतला तर फोटो दुप्पट चांगला येईल, असे पुष्कळांना वाटते. शेतकऱ्याला यातली मेख लगेच कळेल. एक एकराचे चौकोनी वावर घ्या. त्याची बाजू सुमारे २०९ फूट भरते. दोन एकराचे चौकोनी वावर घेतले तर बाजू ४१८ फूट होत नाही, २९५ फूट होते. क्षेत्र दुप्पट झाले, पण बांध जेमतेम दीडपटीच्या आत वाढला. मेगापिक्सेल हे फोटोचे क्षेत्र आहे. बारीक पीस ओळखू येणे हे बांधाच्या लांबीवर असते. तीच १८-५५ ची लेन्स ठेवून नवा कॅमेरा घेतला असता, तर रोहित अकराव्या हिश्श्याएवढाच राहिला असता. फक्त त्या ठिपक्यात थोडे दाणे जास्त भरले असते.

आमच्या तरुणाने दोन्ही कॅमेऱ्यांचे पडदे शेजारी शेजारी धरून पाहिले आणि म्हणाला, "म्हणजे साहेब, माझं दुखणं कॅमेऱ्यात न्हाई, भिंगात हाय."

उजेडाचा हिशेब

पण एवढ्यावर निदान पुरे झाले नव्हते. पहाटेचे पहिले फोटो पुणेकर पाहुण्यांचेही फारसे बरे नव्हते. लांब लेन्सला होडीचा जरासा हेलकावाही मोठा होऊन लागतो. म्हणून झडप, म्हणजे शटर, सेकंदाच्या हजाराव्या भागात मिटावे लागते. इतक्या थोड्या वेळात उजेड कितीसा आत येणार? मग कॅमेऱ्याची उजेड ओढण्याची तीव्रता वाढवावी लागते. तिला आयएसओ म्हणतात. सूर्य उगवता उगवता आम्हाला तो आकडा ३२०० वर न्यावा लागला, आणि फोटोत बाजरीच्या पिठासारखी कणी दिसू लागली.

सूर्य वर आला, धुके विरले. आठ वाजता तोच पक्षी, तेवढ्याच वेळाची झडप, आणि आकडा ४०० वर. म्हणजे तासाभरात उजेड आठपट वाढला होता. जुन्या कॅमेऱ्यातली कणी गेली. एक तास थांबायला रुपयाही लागला नाही.

उजेड वाढवण्याचे दुसरे उपाय मात्र पैशाचे आहेत. एक उपाय म्हणजे मोठ्या तोंडाची लेन्स. लेन्सवर ४, ५.६, ६.३ असे आकडे असतात. येथे हिशेब उलटा असतो. आकडा लहान, तर तोंड मोठे. ५.६ पेक्षा ४ च्या लेन्समधून दुप्पट उजेड येतो. पण लांब पल्ला आणि मोठे तोंड एकत्र आले, की वजन आणि किंमत दोन्ही झपाट्याने चढतात.

दुसरा उपाय मोठ्या सेन्सरचा. पावसात पेला ठेवला आणि परात ठेवली, तर परातीत पाणी जास्त साचते. तसेच हे आहे. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरला फुल फ्रेम म्हणतात. आमच्या कॅमेऱ्यांतल्या सेन्सरपेक्षा त्याचे क्षेत्र सव्वादोन पटींहून अधिक आहे. लग्नमंडपात, देवळाच्या गाभाऱ्यात, संध्याकाळच्या गोठ्यात त्याचा फायदा खरा. पण लांबच्या पक्ष्याला तो तितका सोयीचा नाही. ६०० च्या लेन्सने उमटलेला साडेपंधरा मिलिमीटरचा रोहित आमच्या सेन्सरवर चौकट भरतो. फुल फ्रेमवर तोच पक्षी चौकटीच्या दोन तृतीयांश उंचीचा दिसतो. मोठी परात घेतली की तिला पुरेशी भाकरीही मोठी लागते.

पुणेकर पाहुण्यांच्या नव्या कॅमेऱ्याचा गुण दिसला तो पक्षी उडाले तेव्हा. सुरय पाण्यावर झेप घेत होता आणि त्यांचा कॅमेरा पक्ष्याचा डोळा आपोआप हुडकून त्यावर नजर खिळवून ठेवत होता. आमच्या जुन्या कॅमेऱ्यांना ते साधत नव्हते. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी २०१८ साली फुल फ्रेमचे बिनआरशाचे कॅमेरे काढले. सोनीने त्याआधीच, २०१३ मध्ये, ती वाट धरली होती. आता नवीन सुधारणा बहुतेक याच जातीत होतात. ज्याला उडते पक्षी, धावती बैलजोडी किंवा कुस्तीचे डाव टिपायचे आहेत, त्याने नव्या बॉडीला पैसे घालावेत. मात्र या कॅमेऱ्यांचा पडदा सतत चालू राहतो, त्यामुळे बॅटरी लवकर उतरते. एक जास्तीची बॅटरी खर्चात धरलेली बरी.

काठावरचा मका आणि खिशातला मोबाईल

परत येताना काठालगत वैरणीच्या मक्याचे एक वावर लागले. पोग्यात लाकडाच्या भुशासारखी विष्ठा दिसली, तेव्हा माझी पावले तिकडे वळली. अमेरिकन लष्करी अळी. ही कीड २०१८ मध्ये भारतात प्रथम कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोचली. तिची ओळख दोन खुणांनी पटते. डोक्यावर उलट्या इंग्रजी वायसारखी फिकट रेघ, आणि शेपटाकडच्या अलीकडच्या वळ्यावर चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके.

येथे ती ६०० ची लेन्स अगदीच कुचकामी ठरली. असली लेन्स अडीच-तीन मीटरांच्या आतली वस्तू स्पष्ट दाखवत नाही. तरुणाने खिशातला मोबाईल काढला, अळी पानासकट आपल्या सावलीत घेतली आणि चारही ठिपके लख्ख दिसतील असा फोटो काढला. लांबच्या पक्ष्यात मागे पडणारा मोबाईल जवळच्या अळीत सरस निघाला.

माझ्याकडे रोज शेतकऱ्यांचे फोटो येतात. "साहेब, हा कोणता रोग?" म्हणून. त्यांतल्या कित्येकांवरून काहीच सांगता येत नाही, आणि त्याला कारण कॅमेरा हलका हे नसते. म्हणून चार गोष्टी सांगून ठेवतो. भर उन्हात फोटो काढू नका, पानावर सावली धरा. पानाची वरची आणि खालची अशा दोन्ही बाजू दाखवा. एक फोटो पूर्ण झाडाचा आणि एक प्लॉटचा घ्या. अळी किंवा डागाशेजारी रुपयाचे नाणे ठेवा, म्हणजे आकार कळतो. एवढे केले तर मोबाईलवरच्या फोटोवरूनही पुष्कळदा निदानाची दिशा सापडते. शेतीच्या सल्ल्यासाठी म्हणून कोणी मोठा कॅमेरा घेऊ नये.

पाण्याखालची गावे

मामांनी आम्हाला चहाला घरी नेले. चहा होईपर्यंत जुन्या गोष्टी निघाल्या. उजनीच्या पाण्याखाली भीमाकाठची अनेक गावे गेली. पळसदेवचे जुने पळसनाथाचे मंदिर पाणी फार खाली गेले की उघडे पडते, आणि लोक ते पाहायला गर्दी करतात. देऊळ दगडाचे म्हणून टिकले. मातीच्या भिंतींची घरे विरघळली.

मामा म्हणाले, "आमचं घर त्या तिकडं व्हतं. फुडं लिंबाचं झाड, मागं परडं. मी धा-बारा वर्साचा असंन. सामान गाडीत घातलं आन् निघालो. आज सांगायला गेलो तर नातवंडं म्हणत्यात, आज्या, दाखव की फोटू. कुठनं दाखवू? एक बी फोटू न्हाई."

त्या काळी खेड्यात कॅमेरा होता कोठे? एखाद्या शिक्षकाकडे किंवा शहरात नोकरी करणाऱ्याकडे आग्फाचा क्लिक थ्री असायचा. त्याच्या एका रोलमध्ये बारा फोटो निघत, आणि ते बारा फोटो लग्नाला नाहीतर जत्रेला राखलेले असत. घराचा, परड्याचा, विहिरीचा फोटो काढावा असे कोणाच्या मनात यायचे नाही. रोज डोळ्यांपुढे असलेल्या गोष्टीवर रोल कोण घालवणार?

मामांची आई ओसरीवर उन्हाला बसली होती. वय ऐंशीच्या पुढे. आमच्या तरुणाने विचारले, "आजी, तुमचा एक फोटो काढू का?"

"माझा कशाला रं? म्हातारीचा काय फोटू काढतूस?" असे म्हणत आजीने पदर सारखा केला आणि मामांना हाक मारून शेजारी बसवले.

तरुणाने तोच जुना कॅमेरा आणि तीच १८-५५ ची लेन्स काढली. चार हातांवरून फोटो घेतला. ओसरीच्या सावलीतला मऊ उजेड, आजीच्या हातावरचे गोंदण, मामांच्या कपाळावरच्या आठ्या, सारे त्यात आले. त्या फोटोला ६०० ची लेन्स लागली नाही आणि २४ मेगापिक्सेलही लागले नाहीत. १२ मेगापिक्सेलचा फोटो १४ बाय ९ इंचांपर्यंत कागदावर सुरेख छापता येतो. भिंतीवर लावायला आणखी किती मोठा हवा? पुढे त्याने तो फोटो छापून, चौकटीत बसवून मामांना पोचवला. मोबाईल बदलतात, त्यातले फोटो हरवतात. भिंतीवरचा फोटो नातवंडांना दिसत राहतो.

बोरा बाजारातील खरेदी

निदान झाले, आता औषध. महिन्याभराने मला कामासाठी मुंबईला जायचे होते. तो बरोबर आला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस स्थानकाबाहेर पडून फोर्टात शिरले, की जवळच बोरा बाजाराची गल्ली आहे. कॅमेऱ्याच्या दुकानांसाठी ती प्रसिद्ध आहे. नव्याबरोबर जुना मालही तेथे मिळतो.

जुन्या १५०-६०० च्या लेन्सला आम्हाला ५४,००० रुपये सांगितले. हात हलू नये म्हणून आत स्थिरतेची सोय असलेल्या जुन्या ७०-३०० ला १४,०००. आमच्या तरुणाने दोन्ही हातात घेऊन पाहिल्या आणि स्वतःच हिशेब मांडला. ३०० ने रोहित निम्म्या चौकटीचा येतो. चारही बाजूंनी कापून तो चौकट भरून घेतला तर १२ पैकी ३ मेगापिक्सेल उरतात. त्यातून सात बाय पावणेपाच इंचांचा स्वच्छ फोटो निघतो. वर्षातून दोनदा भिगवणला जाणाऱ्या माणसाला तेवढे पुष्कळ झाले. दर आठवड्याला जाणारा असता, तर त्याने मोठी लेन्स घेतलेली शोभली असती.

त्याने १४,००० ची लेन्स घेतली. फुलांचे आणि किडींचे जवळून फोटो काढण्यासाठी लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायच्या पोकळ नळ्या मिळतात. त्यांत काच नसते, म्हणून त्या स्वस्त असतात. त्या १,५०० ला घेतल्या. काठावर किंवा बांधावर लेन्स टेकवण्यासाठी घरी आईने जाड कापडाची पिशवी शिवून तीत हरभरे भरून दिले. उरलेल्या रकमेतून आधी ठिबकच्या नळ्या आल्या.

जुना माल घेणाऱ्यांनी काही गोष्टी तपासाव्यात. लेन्सच्या एका टोकाने बॅटरीचा झोत टाकून दुसऱ्या टोकाने पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, लेन्स घेऊ नये. कॅमेऱ्याची झडप किती वेळा मिटली याचा आकडा विचारावा. ट्रॅक्टरचे तास पाहावेत तसाच तो पाहायचा. आपल्या कॅमेऱ्याला ती लेन्स बसते आणि तिची नजर आपोआप जुळते, हे दुकानातच पाहावे. पावतीवर लेन्सचा क्रमांक लिहून घ्यावा. मोठ्या शहरांत लेन्स दिवसाच्या भाड्यानेही मिळते. पन्नास हजारांची वस्तू घेण्याआधी ती एक दिवस भाड्याने वापरून पाहणे शहाणपणाचे.

घरी आणल्यावरही काळजी हवी. दमट हवा आणि अंधार मिळाला की काचेवर बुरशी धरते. पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावा आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरावा. बियाणे जसे कोरडे राखतो, तसेच हे.

घरच्या घरी करायची तपासणी

ज्यांना कॅमेरा बदलायचा आहे त्यांनी आधी आपले न जमलेले शंभर फोटो काढून पाहावेत. वस्तू लांब राहिली म्हणून बिघडलेले किती, उजेड कमी पडला म्हणून किती, आणि हात हलला किंवा घाई झाली म्हणून किती, ते मोजावे. लांबीचे जास्त असतील तर लेन्स घ्यावी. अंधाराचे जास्त असतील तर मोठ्या तोंडाची लेन्स किंवा मोठा सेन्सर. हललेले जास्त असतील तर तिकाटणे किंवा हरभऱ्याची पिशवी. उडते-धावते विषय हुकत असतील, किंवा कॅमेरा खरोखर झिजला असेल, तरच नवी बॉडी. लग्नाचे फोटो काढून चार पैसे मिळवायचे असतील तर तो धंदा आहे. त्याचा जमाखर्च घरखर्चात मिसळू न देता वेगळ्या वहीत मांडावा.

भिगवणला जायचे तर जानेवारी ते मार्च हा काळ चांगला. रोहित किती येतात हे पाण्याच्या पातळीवर असते, म्हणून निघण्याआधी तेथल्या होडीवाल्यांकडे चौकशी करावी. पुणे-सोलापूर लोहमार्गावर भिगवणला स्थानक आहे. पहाटे काठावर पोचावे, होडीचा भाव आधी ठरवावा, जीवरक्षक जाकीट घालावे आणि भडक कपडे टाळावेत. कागद-पिशव्या पाण्यात टाकू नयेत, आणि होडीवाल्याला थवा उडवायला कधीही सांगू नये. मुलांना जरूर न्यावे. कॅमेरा नसला तर शेजाऱ्याची दुर्बीण मागून न्यावी. आणि घरी परतल्यावर आपल्या म्हाताऱ्या माणसांचा, ओसरीचा आणि विहिरीचा एकेक फोटो, हाताशी असेल त्या कॅमेऱ्याने, त्याच आठवड्यात काढून छापून घ्यावा.